नेदरलँड्समध्ये भाड्याचं घर: आधी पॉइंट मोजा

आम्स्टरडॅमला नोकरी लागली की मला फोन येतो तो घरासाठी, आणि पाचव्या मिनिटाला प्रश्न ठरलेला: "ऑफिसातला डच माणूस निम्म्या भाड्यात राहतो, मग आपल्यालाच एवढं महाग का?"

देशातल्या दर दहा घरांपैकी जवळपास तीन घरं वोनिंगकॉर्पोरेसींची, म्हणजे नफ्यासाठी न चालणाऱ्या गृहसंस्थांची. पूर्वी त्या बऱ्या पगाराच्या लोकांनाही घर देत. २००७ साली मोठ्या खासगी गुंतवणूकदारांच्या संघटनेने युरोपियन कमिशनकडे तक्रार केली की सरकारी हमीवर स्वस्त कर्ज घेणाऱ्या या संस्था आमचं गिऱ्हाईक पळवतात. २००९ च्या निर्णयानंतर, २०११ पासून संस्थांना बहुतेक रिकामी घरं कमी उत्पन्नवाल्यांनाच द्यावी लागली. २०२५ ची मर्यादा वर्षाला एकट्यासाठी ४९,६६९ युरो आणि कुटुंबासाठी ५४,८४७. आयटीतला आपला माणूस बहुधा त्यावर जातो आणि खासगी मालकाच्या दारात उभा राहतो. तुमचा सहकारी संस्थेच्या घरात शिरला तो जुन्या काळी, किंवा दहा-बारा वर्षं रांगेत काढून.

तरी खासगी मालकालाही पूर्ण मोकळं रान नाही. घराला पॉइंट मिळतात: क्षेत्रफळ, एनर्जी लेबल, स्वयंपाकघर, न्हाणीघर, सरकारी मूल्यांकन. १ जुलै २०२४ पासून १८६ पॉइंटांपर्यंतच्या घराचं भाडं कायद्याने बांधलेलं आहे. २०२५ ला त्या टोकाला महिना ११८४.८२ युरो. मालकाने करारासोबत पॉइंटांचा हिशेब द्यायलाच हवा. जास्त भाडं घेतलं असेल तर पहिल्या सहा महिन्यांत ह्यूरकोमिसीकडे, म्हणजे भाडे लवादाकडे जा. मालक चिडेल, चिडू द्या. १८७ पासून पुढे मात्र बाजारभाव.

हा कायदा आत बसलेल्यांना चांगला, दाराशी उभ्या असलेल्यांना जड, असं माझं मत. कारण बऱ्याच मालकांनी भाडेकरू गेल्यावर घर सरळ विकायला काढलं.

डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं. मालकाच्या दलालाला तुम्ही कमिशन द्यायचं नसतं. पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करू देत नाही म्हणणाऱ्याचं घर फुकट मिळालं तरी घेऊ नका; माझे पहिले तीन महिने अशाच एका खोलीत गेले, आणि नोंदणी नाही म्हणून बीएसएन, म्हणजे नागरिक क्रमांक नाही, सगळंच अडलं. संस्थेच्या रांगेतही नाव लगेच घाला, मर्यादेबाहेर असलात तरी. पगाराचं उद्या काय होईल कोणी सांगावं?

आणि जाहिरातीत 'काल' (kaal, डचमध्ये 'बोडकं') लिहिलं असेल तर नीट समजून घ्या: घर उघडं-बोडकं, कधीकधी फरशीसुद्धा नाही. आधीचा भाडेकरू लाकडी फ्लोअरिंग उचकटून घेऊन गेलेला असतो. आम्ही पहिली रात्र काँक्रीटवर चटई टाकून काढली.