चांगल्या संगणकासाठी वरिष्ठांची मंजुरी कशी मिळवावी

कार्यालयाने दिलेला संगणक कामाला पुरत नाही, हे नव्याने रुजू झालेल्या माणसाच्या लवकरच लक्षात येते. मागणी कशी मांडावी, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. ‘संगणक फार हळू चालतो’ एवढ्यावर व्यवस्थापक काही करू शकत नाहीत, कारण त्यांना तोच खर्च पुढे लेखा विभागाला पटवून द्यायचा असतो आणि तेथे तक्रारीपेक्षा आकड्याला वजन असते.

मी सॉफ्टवेअरच्या कामात होतो तेव्हा सुरुवात नोंदींपासून केली. प्रोग्रॅमचे बिल्ड (लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करण्याची प्रक्रिया) सुरू असताना टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकाचा कोणता भाग किती वापरात आहे हे दाखवणारे विंडोजमधील साधन, उघडून पाहिले, तर प्रोसेसर बराचसा मोकळा होता, रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) जवळजवळ भरलेली होती आणि हार्ड डिस्कचा वापर शंभर टक्क्यांवर अडकून राहिला होता. रॅम अपुरी पडली की संगणक तिच्यातील माहिती डिस्कवर हलवू लागतो. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यासाठी सुमारे 8.3 मिलिसेकंद लागत असल्याने विखुरलेली माहिती वाचताना प्रत्येक वेळी थांबावे लागते, तर एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, फिरणारा भागच नसतो. म्हणजे माझी गरज नव्या संगणकाची नव्हती, वाढीव रॅम आणि एसएसडी यांची होती. आणि मागणी एवढी नेमकी असली की खर्चही आटोक्यात राहतो. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते, त्यामुळे आयटी विभागाला आधी विचारून घ्यावे.

त्यानंतर हिशेब मांडावा. समजा, 12 मिनिटांची खोळंबा करणारी प्रक्रिया दिवसातून 4 वेळा चालवावी लागते. तर रोज 48 मिनिटे आणि 20 कामाच्या दिवसांत 16 तास, म्हणजे कामाचे पूर्ण दोन दिवस होतात. त्या वेळात माणूस दुसरे काहीतरी करतोच, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून हा आकडा आपणच निम्मा करून सांगावा. तरीही तो पुरेसा बोलका ठरतो, आणि आपण फुगवून सांगत नाही याची खात्री समोरच्याला पटते. शक्य असल्यास आयटी विभागाकडून एखादा चांगला संगणक थोड्या वेळासाठी मागून त्यावर तेच काम करून पाहावे आणि दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहाव्यात. माझ्या मते याहून भक्कम पुरावा नाही.

वेळही साधावी लागते. बजेट ठरण्याआधी किंवा वॉरंटी संपत आली असताना केलेली मागणी सहज ऐकली जाते. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 (संगणकातील सुरक्षेची सोय) लागते, ही अट पूर्ण न करणाऱ्या जुन्या यंत्राबाबत सुरक्षेचा मुद्दा आयटी विभागाकडूनच मांडला जावा, हे उत्तम.

आधी समक्ष बोलावे, मग कोटेशनसह एका पानाचा ईमेल पाठवावा, जेणेकरून व्यवस्थापकांना तो जसाच्या तसा वर पाठवता येईल. नकार मिळाल्यास हा विषय पुन्हा केव्हा काढावा, हे नम्रपणे विचारून घ्यावे. मंजुरी मिळून साहित्य बसवले गेल्यावर त्याच कामाला आता किती वेळ लागतो, हेही त्यांना आवर्जून कळवावे. पुढच्या सहकाऱ्याच्या मागणीच्या वेळी तो आकडा त्यांच्या हाताशी असतो.