विमानात फोन तापतो, तो हवेच्या दाबामुळे नव्हे

उंचीवर हवेचा दाब कमी होतो म्हणून बॅटरी तापते, असं अनेकांना वाटतं. पण केबिनमधला दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या डोंगराइतकाच असतो. लेह त्याहून उंच आहे आणि तिथे फोन रोज चालतात. धडधाकट बॅटरीला एवढ्याने काही होत नाही.

खरी कारणं साधी आहेत. फ्लाइट मोड लावला नाही तर फोन पूर्ण ताकदीने टॉवर शोधत राहतो. त्यात चार्जिंग, व्हिडिओ आणि वर पांघरूण, मग उष्णता बाहेर जाणार कुठून? म्हणून चार्ज करताना फोन उघड्यावर ठेवा, जाड कव्हर काढा.

एक मोठा धोका सीटच्या फटीत असतो. तिथे पडलेला फोन शोधायला सीट मागेपुढे केली की यंत्रणेत तो चिरडतो, बॅटरीतला पातळ पडदा फाटून आतच शॉर्टसर्किट होतं. फोन पडला तर सीट अजिबात हलवू नका, क्रूला बोलवा.

फुगलेल्या बॅटरीचा फोन प्रवासाला नेऊच नका. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी, १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती ऊर्जा मावते, याचं हे माप). उदाहरणार्थ, २०,००० एमएएच क्षमता गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले १,००० म्हणजे ७४ वॉट-अवर, चालेल.

फोनमधून धूर आला तर हात लावू नका, लगेच क्रूला सांगा. ज्वाळा विझल्यावरही बॅटरी पुन्हा पेटू शकते, म्हणून ते तिच्यावर पाणी ओतून ती थंड करतात.