इंदूरहून कोलोरॅडोला जाताना: उंचीच्या हिशोबाने आखलेला प्रवास

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या राजधानीत, डेन्व्हरला, मुला-मुलींकडे जाणारे इंदूरचे आई-वडील बहुधा मुलांच्या सुट्टीप्रमाणे कार्यक्रम ठरवतात. माझे आग्रहाचे सांगणे आहे की कोलोरॅडोचा कार्यक्रम उंचीप्रमाणे ठरवावा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 फुटांवर आहे, डेन्व्हर 5,280 फुटांवर, आणि रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानातील ट्रेल रिज रोड 12,183 फुटांपर्यंत चढतो. आम्ही पहिल्या खेपेला दुसऱ्याच दिवशी त्या रस्त्याला लागलो आणि उंचीवरच्या विरळ हवेने डोके इतके दुखू लागले की माथ्यावर न थांबताच परतावे लागले. म्हणून पहिले दोन-तीन दिवस डेन्व्हरमध्येच काढावेत, पाणी नेहमीपेक्षा जास्त प्यावे, आणि हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्यापूर्वीच इंदूरमध्ये आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे. वर गेल्यावर डोकेदुखी व मळमळ थांबत नसेल तर विनाविलंब खाली उतरावे.

डेन्व्हरमधील हे दिवस इतिहासासाठी वापरावेत. 1858 मध्ये या भागात सोने सापडले आणि पुढच्याच वर्षी हजारो लोक येऊन धडकले. पण अमेरिकी सरकारशी झालेल्या 1851 च्या तहाने ही भूमी शायान आणि अरापाहो या मूळ अमेरिकी लोकांची मानलेली होती. 29 नोव्हेंबर 1864 रोजी सँड क्रीकच्या काठी तळ देऊन राहिलेल्या याच लोकांवर अमेरिकी फौजेच्या कर्नल चिव्हिंग्टनच्या सैनिकांनी हल्ला केला आणि दीडशेहून अधिक माणसे मारली, त्यांत बायका, मुले व वृद्धच अधिक होते. ती जागा पूर्वेकडील मैदानात आहे आणि 2007 पासून राष्ट्रीय स्मारक म्हणून जपली जाते. डोंगरांच्या ओढीने बहुतेक प्रवासी तिकडे फिरकत नाहीत. तेथे जाणे जमले नाही तरी डेन्व्हरच्या हिस्टरी कोलोरॅडो सेंटरमध्ये हा भाग अवश्य पाहावा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शंभराव्या वर्षी, 1 ऑगस्ट 1876 रोजी, कोलोरॅडो अडतिसावे राज्य झाले, तो उत्सव या घटनेनंतर अवघ्या बारा वर्षांनी झाला होता.

त्यानंतर ट्रेल रिज रोडला जावे. हा रस्ता बर्फामुळे साधारण मेअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच खुला असतो, आणि गर्दीच्या महिन्यांत उद्यानात शिरण्याची वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा पडतात, तेव्हा पहाटे निघून दुपारपूर्वी झाडांच्या रेषेखाली, म्हणजे जेथवर झाडे वाढतात त्या उंचीच्या खाली, यावे. वाटेत मिल्नर खिंडीत थांबावे, कारण तेथे खंडाचे पाणी विभागले जाते: पूर्वेकडचे पाणी मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखाताकडे वाहते, तर पश्चिमेकडचे कोलोरॅडो नदीत उतरते. इंदूरकरांना हे समजायला वेळ लागत नाही. आपल्या खान नदीचे पाणी क्षिप्रा, चंबळ, यमुना असे करत बंगालच्या उपसागराला जाते आणि महूपलीकडे पातालपाणीला कोसळणारी चोरल मात्र नर्मदेतून अरबी समुद्र गाठते.

नैर्ऋत्येकडील मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यानासाठी डेन्व्हरहून मोटारीने दिवसभराचा प्रवास लागतो, म्हणून तिकडे निदान दोन मुक्काम ठेवावेत. येथे पूर्वज प्युब्लो लोकांनी, म्हणजे आजच्या प्युब्लो या मूळ अमेरिकी लोकांच्या पूर्वजांनी, सुमारे सातशे वर्षे वस्ती केली आणि बाराव्या शतकाच्या अखेरीपासून कड्यांच्या कपारींत दगडी घरे बांधली; त्यांतील क्लिफ पॅलेसमध्ये सुमारे 150 खोल्या आहेत. 1276 च्या सुमारास सुरू झालेल्या दीर्घ अवर्षणानंतर, 1300 च्या आसपास ते दक्षिणेकडे निघून गेले. ते गूढरीत्या नाहीसे झाले, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये; होपी, झुनी आणि इतर प्युब्लो लोक त्यांचेच वंशज आहेत. क्लिफ पॅलेस उद्यानाच्या रेंजरबरोबरच (रक्षक-मार्गदर्शकाबरोबरच) पाहता येतो, तिकीट आधी काढावे लागते आणि लाकडी शिड्या चढाव्या लागतात. गुडघे साथ देत नसतील तर समोरच्या कड्यावरूनही दृश्य उत्तम दिसते.

तेथून ड्युरँगो हे गाव जवळच आहे. पातालपाणी-कालाकुंडची गाडी ज्यांना आवडली, त्यांनी ड्युरँगो-सिल्व्हरटन ही 1882 ची अरुंद रुळांची गाडी चुकवू नये. 45 मैलांना साधारण साडेतीन तास लागतात. जाताना उजव्या बाजूची जागा घ्यावी, कारण नदीची दरी त्याच बाजूला आहे. शाकाहारी मंडळींनी दशम्या, चटणी आणि शेव बरोबर ठेवावी. हा लोहमार्ग मुळात खाणींतील चांदी-सोने वाहून आणण्यासाठी घातला गेला. जून 1893 मध्ये हिंदुस्थान सरकारने आपल्या टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीसाठी, म्हणजे कोणीही चांदी आणून तिचे रुपये पाडून घेण्यासाठी, बंद केल्या, चांदीचे भाव कोसळले आणि कोलोरॅडोतील खाणींमागून खाणी बंद पडल्या. सिल्व्हरटनला गाडी थांबते तेवढ्या वेळात मुख्य रस्त्यावरील जुन्या इमारती पाहताना आपल्या रुपयाशी जोडलेला हा धागा बरोबरच्या मुलांना जरूर सांगावा.