धमनी कडक म्हणण्याआधी हात बघा: या चुका टाळा

धमनी किती ताठर ते मोजायला कोपर आणि बोट, दोन ठिकाणी सेन्सर लावायचे. नाडीची लाट इथून तिथे यायला किती वेळ लागतो ते बघायचं आणि अंतराला त्या वेळेने भागायचं. धमनी जितकी ताठर, तितकी लाट वेगात. इतकं सोपं वाटतं, म्हणूनच नवखी पोरं पाच मिनिटांत "आलं मला" म्हणतात.

गार हात. हर्णै बंदराजवळच्या शिबिरात एक मावशी मासळीच्या लिलावावरून थेट आल्या. आमच्या एका शिकाऊ चिरंजीवांनी बोटाला सेन्सरची क्लिप लावली. लाट जवळजवळ सपाट. मग त्याने रेडिओचा आवाज वाढवावा तसा गेन, म्हणजे लाट मोठी करून दाखवायचं प्रमाण, वाढवला. लाट मोठी झाली, खरखरही. त्या खरखरीतलाच एक खड्डा यंत्राने लाटेचा पाया (लाट चढायला लागते ती जागा) म्हणून धरला आणि आकडा दिला सेकंदाला 15 मीटर. "मावशी, धमनी कडक झालीय!" त्यांचा चेहराच उतरला. मी हात हातात घेतला, तर नुसता बर्फ. "पहाटेपासून बर्फातच आहेत रे हात," त्या म्हणाल्या.

थंडीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लाट धड पोचत नाही. कोमट पाण्यात हात, कोरडा टॉवेल, अर्धा तास गप्पा. चहा मागत होत्या, दिला नाही. चहा-विडीनंतर 3 तास मोजायचं नसतं. आकडा आला 9. तेव्हापासून क्लिपच्या आधी मी हात हातात घेतो, आणि शिकाऊंना गेनला हात लावू देत नाही.

त्यात सेकंदाला 10 मीटरच्या पुढे वाईट, हे त्या चिरंजीवांनी कुठेतरी वाचलेलं. ती मर्यादा मान ते जांघ या मोजणीची. हाताला ती लावूच नका.

स्वस्त सेन्सर. सेकंदाला 100 नोंदी म्हणजे 10 मिलिसेकंदांची एक पायरी. 45 सेंमी अंतर, 50 मिलिसेकंद, वेग 9. एकच पायरी चुकली की 7.5 नाहीतर 11.25! किमान 1000 नोंदी घ्या. "ॲपमध्ये जमतं" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

लोंबता हात. हृदयापेक्षा 10 सेंमी खाली म्हणजे धमनीत जवळजवळ 8 मिमी पारा जास्त दाब. ताणलेली धमनी ताठरच दिसणार. हाताखाली उशी ठेवा.

लाटेचं टोक धरू नका, पाया धरा. परत फिरणारी लाट टोक सरकवते.

ईसीजीच्या टोकापासून वेळ धरलात, तर हृदयाची झडप उघडेपर्यंतचा वेळही धमनीच्या खाती जातो.

क्लिप असलेल्या हातालाच बीपीचा पट्टा फुगवणाऱ्यांना तर मी सरळ बाहेर पाठवतो.