'स्वहिस्सा अपुरा': त्रुटी कुठे होती?

आमच्या संस्थेचा सामायिक प्रक्रिया केंद्राचा प्रस्ताव राज्याच्या अनुदानासाठी दोनदा गेला आणि दोन्ही वेळा एकच शेरा घेऊन परत आला: 'स्वहिस्सा अपुरा', म्हणजे प्रकल्पात संस्थेने स्वतः घालायचा वाटा कमी. मी चिडलो, कारण बेरीज बरोबर होती.

मग एका रात्री तक्ता ओळीओळीने तपासला. यंत्रासाठी आधीच भरलेली आगाऊ रक्कम आम्ही स्वहिश्श्यात धरली होती. मंजुरीआधीचा खर्च त्या योजनेत ग्राह्यच नव्हता. मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट लिहिलेलं, मीच वाचलं नव्हतं. शिवाय जागेची किंमत आणि सभासदांचं श्रमदान रोख रकमेतच मिसळलेलं.

आगाऊ रक्कम काढली. रोख हिस्सा वेगळ्या रकान्यात घेतला, त्याला बँकेचा दाखला लावला. जागेला मूल्यांकन अहवाल. 'संकीर्ण' ही ओळ उडवलीच, तिथे बोट ठेवायला सगळ्यांना आवडतं. आधी खर्च आपण करायचा, नंतर अनुदानातून त्याची प्रतिपूर्ती (भरपाई) मिळणार, अशी पद्धत असल्याने मधल्या महिन्यांसाठी कर्जाचं मंजुरीपत्रही जोडलं. ते कुणी मागितलं नव्हतं.

रोजगाराचा फुगवलेला आकडाही खाली आणला. पुढे तपासणीला कोणी आलं, तर तेवढी माणसं हजेरीपटावर दाखवायची कुठून?

तिसऱ्या खेपेला मंजुरी आली.