इब्न अल-मुतझ यांच्यावर व्याख्यान तयार करताना

इंदूरच्या एखाद्या मराठी वाचनमंडळापुढे नवव्या शतकातील अरबी कवी आणि काव्यमीमांसक इब्न अल-मुतझ यांच्यावर बोलायचे असेल, तर पहिला निर्णय त्यांच्या मृत्यूबाबत घ्यावा. डिसेंबर 908 मध्ये बगदादच्या दरबारातील एका गटाने त्यांना खलिफापदी बसवले. ते पद जेमतेम एक दिवस टिकले आणि त्यांना ठार मारण्यात आले. ही हकिगत इतकी चटकदार आहे की आरंभीच सांगितली तर श्रोते तिच्यातच अडकतात, म्हणून ती उत्तरार्धात दोन वाक्यांत उरकावी.

आरंभ त्यांच्या चंद्रकोरीने करावा : चांदीची होडी, अंबर या सुगंधी द्रव्याच्या भाराने खाली दबलेली. अशा उपमा तुम्हाला का सुचत नाहीत, असे विचारल्यावर समकालीन कवी इब्न अल-रूमी यांनी ‘तो आपल्या घरातल्या भांड्यांचेच वर्णन करतो’ असे उत्तर दिल्याची आख्यायिका आहे. ती येथेच सांगावी, म्हणजे 861 मधला सामर्रा येथील जन्म, खलिफा असलेले वडील आणि 869 मध्ये झालेला त्यांचा अंत हे सारे कवितेच्या ओघात येते. सनावळी वेगळी वाचावी लागत नाही.

निम्म्याहून अधिक वेळ मात्र ‘किताब अल-बदी’ला द्यावा. हिजरी 274 मधील या ग्रंथात त्यांनी पाच मुख्य अलंकार मांडले आणि नव्या कवींची मिरासदारी समजले जाणारे हे अलंकार कुराणात, हदीसमध्ये आणि जुन्या काव्यात आधीपासून असल्याचे उदाहरणांनी दाखवले. या नव्या कवींपैकी अबू तम्माम यांचा दोष नावीन्याचा नसून अतिरेकाचा, हे त्यांचे मत मला आजही पटते. इस्तिआरा, म्हणजे आपल्या रूपकाच्या जवळचा प्रकार, आणि शब्दांवर खेळणारा तजनीस पटकन समजतात. ओळीच्या आरंभी आलेला शब्द शेवटी परत आणण्याचा अलंकार मात्र फळ्यावर लिहूनच दाखवावा : ‘पाणी मागत दारोदार फिरला, हाती आले डोळ्यांतलेच पाणी’. अशी ओळ स्वतः रचावी, उसनी घेऊ नये.

त्याच शतकात काश्मीरमध्ये संस्कृत काव्यमीमांसक आनंदवर्धन लिहीत होते, हे अवश्य सांगावे, परंतु एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडल्याचा दावा करू नये. इंदूरच्या श्रोत्यांत मुशायऱ्यांना जाणारे हमखास असतात. चर्चेच्या वेळी शब्द परत आणण्याच्या या अलंकाराचा एखादा उर्दू शेर त्यांच्याकडूनच मागून घ्यावा.