जुन्या मोटरसायकलला रेडियल टायर टाकताय? आधी या चुका टाळा

"रेडियल टाका साहेब, ट्यूबलेस आहे, पंक्चरची कटकटच संपली." या एका वाक्यावर मी माझी यामाहा आरएक्स १०० दुकानात सोडली होती. मागे चांगला जाडजूड टायर चढला. गल्लीत दोन जणांनी थांबून बघितलाही. तीन आठवड्यांत तो उतरवून घेतला आणि तेव्हा पहिल्यांदा त्याच्या अंगावरची अक्षरं नीट वाचली. टायर रेडियल नव्हताच.

पहिली चूक हीच: रेडियल आणि ट्यूबलेस एकच समजणं. ट्यूबलेस म्हणजे टायर स्वतः हवा धरून ठेवतो, ट्यूब लागत नाही, एवढंच. रेडियल ही आतल्या दोऱ्यांची गोष्ट आहे. बायस किंवा क्रॉस प्लाय टायरमध्ये दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांवर फुली मारत गेलेले असतात. दुकानात यालाच साधा किंवा नायलॉन टायर म्हणतात. रेडियलमध्ये दोरे एका बीडपासून (रिममध्ये बसणारी टायरची कड) दुसऱ्या बीडपर्यंत सरळ आडवे जातात आणि वर, ट्रेडच्या (रस्त्याला टेकणारा नक्षीचा थर) खाली, वेगळा पट्टा असतो. त्यामुळे रेडियलची बाजू लवचिक आणि रस्त्याला टेकणारा भाग घट्ट राहतो. बायसची बाजू जाड, ताठ. बायस टायर ट्यूबलेस असू शकतो. उलट, तुमच्या तारांच्या चाकावर ट्यूबलेस टायर चढवला तरी आत ट्यूब टाकावीच लागते, कारण हवा स्पोकच्या निपलांतून (स्पोक रिमला आवळणाऱ्या नटांतून) निघून जाते. मग पंक्चर झाल्यावर ट्यूबच बसते आणि ट्यूबलेसचा फायदा गेला.

ओळखायचं कसं? साइज वाचा. ३.२५-१९ किंवा १००/९०-१८ यात मधे आडवी रेघ असेल तर बायस. १४०/७० आर १७ असं रेघेच्या जागी इंग्रजी आर असेल तर रेडियल. क्वचित तिथे बी दिसतो, तो पट्टा घातलेला बायस. माझ्या टायरवर होतं १००/९०-१८. सरळसरळ रेघ.

दुसरी चूक रुंदीची, आणि मला जास्त महाग पडली ती हीच. आरएक्स १०० ला कंपनीचा मागचा टायर २.७५-१८. हिशोब करून बघा. २.७५ इंच म्हणजे साधारण ७० मिलिमीटर. या जुन्या साइजमध्ये उंची रुंदीइतकीच धरतात. १८ इंची रिम ४५७ मिलिमीटर, त्यात वर-खाली ७०-७० मिळवले की चाक सुमारे ५९७ मिलिमीटरचं. १००/९०-१८ ची रुंदी १०० मिलिमीटर आणि उंची तिच्या ९० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर, म्हणजे चाक ६३७ चं. चार सेंटीमीटर मोठं! मागचं चाक जवळजवळ सात टक्के मोठं झालं, म्हणजे गिअरिंग तेवढंच लांबलं, त्याच गिअरमध्ये इंजिनला जास्त ओढावं लागलं. सिग्नलवरून सुटताना आरएक्सचा तो झटका गेला आणि मी तीन आठवडे कार्ब्युरेटरला दोष देत बसलो. वर साखळीच्या बाजूने टायरच्या कडेला चकचकीत घासलेली रेघ. मागे कुणी बसलं की घासल्याचा आवाज.

आता रिम. जुन्या बुलेट ३५० ला दोन्हीकडे ३.२५-१९ येतो, रिम डब्ल्यूएम २, म्हणजे आतून १.८५ इंच रुंद. आणि १४०/७० आर १७ सारख्या रेडियलला रिम लागते साधारण चार इंची. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की दोन्ही कडा आत ओढल्या जातात, वरचा भाग मधे फुगतो. म्हणजे रुंद टायरचे पैसे देऊन रस्त्याला टेकतो तो मधला चिंचोळा पट्टाच. वळणावर गाडी झुकवली की एकदम पडल्यासारखी जाते ती यामुळे. खरं सांगायचं तर १८-१९ इंची तारांच्या अरुंद चाकावर रेडियल की बायस हा प्रश्न रिमनेच सोडवून ठेवलाय. उत्तर बायस. त्यात कमीपणा काही नाही. या गाड्यांच्या फ्रेम आणि सस्पेन्शन ताठ बाजूच्या टायरवरच बेतलेले आहेत. रेडियल थंड राहतो तो सतत जोरात पळताना. सत्तर-ऐंशीने जाणाऱ्या बुलेटला त्याचं काय कौतुक?

पुढे एक, मागे एक चालतं का? ज्यांच्याकडे १७ इंची अलॉय व्हील आहेत ते हे हमखास विचारतात. पुढे बायस, मागे रेडियल हे कंपन्यांनीच केलंय. २००८ ची यामाहा एफझी १६ घ्या: पुढे १००/८०-१७, मागे १४०/६० आर १७. पण ती जोडी कंपनीने चाचण्या घेऊन बसवलेली असते, आपण अंदाजाने नाही. उलटं मात्र कधीच करू नका. पुढे रेडियल, मागे बायस असेल तर पुढचं चाक हँडलचं लगेच ऐकतं आणि मागचं उशिरा. वळणावर मागची बाजू बाहेर पळते.

हवेबद्दल थोडक्यात: दुसऱ्या गाडीचे आकडे उचलू नका. पेट्रोल पंपावर "दोन्हीकडे तीस" सांगून मोकळं होऊ नका. जुन्या बुलेटला पुढे वीसच्या आसपास पुरते. तिथे तीस भरली तर पुढचं चाक दगडासारखं उडतं.

आणि टायर बदलूनही गाडी डोलत असेल तर? टायर परत करायला धावू नका. रिमलगत टायरवर एक बारीक रेघ असते. चाक हळूहळू फिरवत ती बघा. एखाद्या जागी ती रिमखाली गेली असेल तर बीड बसलेला नाही. हवा काढून, साबणाचं पाणी लावून परत भरायची. मग प्रत्येक स्पोकवर पान्याने टिचकी मारा. घट्ट स्पोक खणखणतो, सैल स्पोक बद वाजतो. मेन स्टँडवर मागचं चाक धरून डावी-उजवीकडे हलवा. खटखट जाणवली तर स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश गेलेत. पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल सावकाश फिरवा. मधोमध खाचेत अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलचे बेअरिंग) बदला. माझ्या गाडीत बुश संपले होते. जाड टायरने ते झाकलं तर नाहीच, उलट वाढवलं.

शेवटची चूक तारखेची. जुन्या साइजचे टायर कमी खपतात, म्हणून दुकानात वर्षानुवर्षं पडून राहतात. बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं जुना असेल तर ट्रेड कितीही करकरीत दिसो, नको म्हणा. मी परत २.७५-१८ घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने माळ्यावरून जो पहिला काढला, तो सात वर्षांचा निघाला. दुसरा मागवायला चार दिवस गेले. तेवढ्यात बुश बदलून घेतले.